अभियांत्रिकीचा जोडविषय

इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या मुलाने आपल्या मुख्य विद्येच्या जोडीला दुसरी एखादी विद्या शिकावी काय, आणि शिकावी तर तिच्यासाठी वेळ कोठून आणावा, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अमरावती-अकोल्याच्या घराघरांत शिरला आहे. यंत्रशाखेच्या मुलाने संगणकाचा ‘मायनर’ घ्यावा की न घ्यावा, यावर एस.टी.च्या थांब्यावर बापलेकांचे वाद चाललेले मी ऐकले आहेत. प्रश्न नवा वाटतो खरा. पण नवे आहे ते त्याचे नाव. वाद जुना आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या वऱ्हाडातूनही गेलेला आहे. तो आज आपल्यापुढे मांडावा असा विचार आहे.

मी कामगार चळवळीतला माणूस. विद्यापीठाची पायरी चढलो ती मोर्चा घेऊनच. तेव्हा अध्यापनशास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु तासांचा हिशेब हा आमचा रोजचा व्यवहार आहे. कामाचे तास किती, त्यांत काम किती, आणि जादा कामाचा मोबदला कोण देतो, या तीन प्रश्नांवर आमची निम्मी हयात जाते. अभ्यासक्रमालाही हेच तीन प्रश्न विचारता येतात, हे मला बऱ्याच उशिरा, अभ्यासक्रमाचे कागद वाचताना उमगले.

प्रथम शब्दाचे पाहू. ‘मायनर’ला कोणी गौण विषय म्हणतात, कोणी दुय्यम. मला हे दोन्ही शब्द रुचत नाहीत. शेतकऱ्याच्या भाषेत जोडधंदा हा शब्द आहे, त्याच धर्तीवर मी जोडविषय म्हणतो. वऱ्हाडातला शेतकरी कपाशीच्या काही ओळी सोडून तुरीचे तास टाकतो. त्यासाठी त्याला निराळे वावर लागत नाही. कपाशीच्या रानातच तूर उभी राहते, आणि एखाद्या वर्षी कपाशी बुडाली तर तीच तूर घरात दाणा आणते. पण ओळी किती सोडायच्या हे त्याला पेरणीपूर्वी ठरवावे लागते. कपाशी तेवढीच ठेवून वर तूर टाकली तर दोन्ही पिके दाटतात. जोडविषयाचा सारा वाद या ओळींचा आहे.

आता आजचा नियम. अभियांत्रिकीच्या पदवीचे माप हल्ली श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजतात. आठवड्याला एक तास व्याख्यान असे सत्रभर चालले की एक श्रेयांक; प्रात्यक्षिकाला त्याच एका श्रेयांकासाठी दोन तास. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली नमुना अभ्यासक्रम काढला आणि चार वर्षांचे एकूण माप १६० श्रेयांकांवर आणले. त्याआधी ते अनेक ठिकाणी दोनशेच्याही पुढे गेलेले होते. ओझे कमी झाले म्हणून सर्वांनी निःश्वास टाकला. परंतु त्याच परिषदेने पुढे असे ठरवले की, ज्याला जोडविषयाची नोंद पदवीवर हवी त्याने १८ ते २० श्रेयांक जादा करावेत. म्हणजे रान कमी केले, आणि तुरीसाठी बांधापलीकडे दुसरे रान दाखवले! नंतर राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून महाराष्ट्र शासनाने २०२३ साली आराखडा दिला, त्यात मात्र निराळी मांडणी आहे. पदवी १६० ते १७६ श्रेयांकांची, आणि १४ श्रेयांकांचा बहुविद्याशाखीय जोडविषय पदवीच्याच पोटात, सर्वांना. ज्याला आणखी दुसरा जोडविषय हवा त्याला १८ श्रेयांक वरून.

जोडविषय पोटात की वरून, हा भेद लक्षात ठेवावा. आता मागे जाऊ.

१८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा एक वर्ग निघाला. सरकारी बांधकामांवर, कालव्यांवर, रेल्वेवर हाताखालचे अंमलदार हवे होते, त्यांच्यासाठी तो होता. त्याचे पुढे महाविद्यालय झाले, मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले, आणि तेथे एल.सी.ई. ही स्थापत्याची पदवी मिळू लागली. मग १८७९ साली एक चमत्कारिक गोष्ट घडली. याच महाविद्यालयात शेतकीचे वर्ग सुरू झाले, जंगलविद्याही आली, आणि संस्थेचे नावच बदलून कॉलेज ऑफ सायन्स असे ठेवण्यात आले. १८७६ ते ७८चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. पूल बांधणारा आणि पीक पाहणारा एका छपराखाली बसावेत, असे त्या काळच्या सरकारला वाटले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली इंजिनिअर होऊन बाहेर पडले ते याच कॉलेज ऑफ सायन्समधून. ते येथे आले तेव्हा बंगलोरची बी.ए. पदवी त्यांच्या पदरी होती. दुसरी विद्या त्यांनी पहिल्या विद्येच्या आधीच उरकली होती, असे म्हणा हवे तर.

हा संसार पंचवीस-तीस वर्षे टिकला. १९०७-०८च्या सुमारास शेतकी वेगळी निघाली, तिचे स्वतंत्र महाविद्यालय झाले, आणि १९११ साली मूळ संस्थेने पुन्हा इंजिनिअरिंग कॉलेज हे नाव घेतले. मध्यप्रांत-वऱ्हाडातही नागपूरला १९०६ मध्ये शेतकीचे महाविद्यालय झाले ते स्वतंत्रच. वेगळे होण्याने दोन्ही विद्या वाढल्या, हे खरे आहे. पुण्यात यंत्रशाखा आली, १९३२ साली विद्युत आली. तोटा असा झाला की, नांगराचा फाळ ज्या मातीत जातो ती माती आणि ज्या लोखंडाचा तो होतो ते लोखंड, ही दोन वेगळ्या खात्यांची प्रकरणे झाली.

याच सुमारास सातासमुद्रापार उलटे चाललेले होते. अमेरिकेत १८६२ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, मॉरिल कायदा झाला. केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेतकी व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायला लावली. त्या कायद्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. एक, ही शाळा श्रम करणाऱ्या वर्गांसाठी आहे. आणि दुसरी, तिच्यात इतर शास्त्रे व वाङ्मय यांना मज्जाव नाही. कारागिराच्या मुलाला हातोडीबरोबर इतिहासही मिळावा, असे ज्यांनी कायद्यात लिहिले त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांनी १८६९ नंतर ऐच्छिक विषयांची दारे उघडली, त्यांच्यामागून आलेल्या लॉवेल यांनी त्या मोकाटपणाला शिस्त लावली. आज आपण ज्याला मुख्य आणि जोडविषय म्हणतो ते वळण अमेरिकेतले. पण तो इतिहास श्रीमंतांच्या महाविद्यालयांचा आहे, त्यावर अधिक वेळ घालवत नाही.

आपल्याकडे काय होते? अमरावतीला १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज निघाले, तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. तेथे कला होती, शास्त्र होते, इंजिनिअरिंग नव्हते. वऱ्हाड कापसाचा मुलूख. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत गेली, बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला फाटे निघाले ते कापसासाठीच. जिन आले, प्रेस आले, गिरण्या आल्या. यंत्रे आली, पण यंत्रविद्येची शाळा आली नाही. वऱ्हाडच्या मुलाने पुणे गाठावे, मुंबईचे व्हिक्टोरिया ज्युबिली गाठावे. १९४७ साली प्रांताचे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज झाले तेही जबलपूरला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जबलपूर मध्यप्रदेशात राहिले, आपण मुंबई राज्यात आलो, आणि कॉलेज हातचे गेले. नागपूरला विश्वेश्वरय्यांच्या नावाचे महाविद्यालय १९६० मध्ये झाले, अमरावतीचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ मध्ये. स्थापत्य, यंत्र आणि विद्युत या तीन शाखांवर ते उभे राहिले. अशा काळात जोडविषयाची गोष्ट कोण काढणार! मुख्य विषयच शंभर वर्षे उशिरा आलेला होता.

तरी दिल्लीत विचार चालू होता. नलिनीरंजन सरकार यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्था काढण्याची शिफारस केली. मॅसॅच्युसेट्सचा नमुना तिच्यासमोर होता, आणि त्या नमुन्यात इंजिनिअरला समाजविद्या नि भाषा यांचा वाटा होता. खरगपूरची संस्था १९५१ साली निघाली. मुंबईच्या संस्थेने २००७ च्या अभ्यासक्रमात ‘मायनर’ याच नावाने जोडविषय आणला. म्हणजे शिखरावरच्या थोड्या मुलांना ही सोय आमच्या मुलांच्या बरीच आधी मिळाली.

मात्र याच्या कितीतरी आधी अकोल्यात एक प्रयोग झाला होता, आणि आपण त्याला जोडविषयाचा प्रयोग म्हणून कधी ओळखलेच नाही. विदर्भाला कृषी विद्यापीठ हवे म्हणून १९६७ साली अकोल्यात आंदोलन पेटले. गोळीबार झाला, माणसे मेली. शाळा-कॉलेजासाठी रक्त सांडल्याची उदाहरणे फार नाहीत. त्यांतले एक आपल्या दारात आहे. १९६९ मध्ये विद्यापीठ झाले आणि त्याला पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले. पंजाबरावांचा व्यासंग पाहा. ऑक्सफर्डला त्यांनी वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहिला, बॅरिस्टर झाले, अमरावतीला शिक्षणसंस्था काढली आणि १९५२ पासून दहा वर्षे देशाचे शेतीमंत्रिपद सांभाळले. यांतला मुख्य विषय कोणता नि जोडविषय कोणता, हे ज्याने त्याने ठरवावे.

या विद्यापीठात १९७० साली कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले. पुण्यात जे साठ-बासष्ट वर्षांपूर्वी तुटले होते ते अकोल्यात पुन्हा सांधले गेले. अवजारे, मृद व जलसंधारण, सिंचन, शेतमालावरची प्रक्रिया हे विषय एका पदवीत आले. येथे जोडविषय वरून लादलेला नाही. विणलेलाच तसा आहे. या विद्यापीठाने काढलेली मिनी डाळ मिल आपण खेड्यापाड्यांत पाहिली असेल. गावची तूर गावातच भरडून डाळ करायची, तर दाण्याचे टरफल कसे सुटते हे ठाऊक पाहिजे आणि रोलर कसा फिरतो हेही ठाऊक पाहिजे. नुसत्या यंत्रवाल्याने दाणा फोडला असता, नुसत्या शेतकीवाल्याने यंत्र आणले नसते. बचतगटांच्या बायका आज ती मिल चालवतात.

मी वर म्हटले की तास हा आमचा विषय. त्याकडे वळतो. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरवला. १९२२ साली तो अकरा तास आणि आठवड्याला साठ झाला. १९३४ साली दहा नि चोपन्न. १९४८ च्या कायद्याने आठवडा अठ्ठेचाळीसवर आणला आणि वरच्या तासाला दुप्पट मजुरी लावली. त्याआधी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून खटपट करून १८९० साली रविवारची सुटी मिळवली होती. प्रत्येक तास असा ओढून घेतलेला आहे. आता अठरा श्रेयांक म्हणजे किती ते पाहा. सत्राचे पंधरा आठवडे धरले तर नुसत्या व्याख्यानांचे २७० तास. कारखान्याच्या आठवड्याने मोजले तर साडेपाच आठवड्यांहून अधिक काम. घरचा अभ्यास वेगळा, प्रात्यक्षिक असेल तर तेथे दुप्पट. हा ओव्हरटाइम आहे. फरक एवढाच की, कामगाराला जादा तासाचे दुप्पट दाम मिळते आणि विद्यार्थ्याला तोच तास करण्यासाठी स्वतःचे दाम मोजावे लागू शकतात.

हा ओव्हरटाइम कोणाला परवडतो? वसतिगृहात राहणाऱ्याला, घरचे बरे असणाऱ्याला. दर्यापूर-अंजनगावहून रोज एस.टी.ने येणाऱ्या मुलीला शेवटची गाडी असते. पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला मुलगा तर आधीच एक वर्ष उशिरा पंगतीला बसलेला असतो, आणि माझ्या ओळखीतले असे पुष्कळ संध्याकाळी एम.आय.डी.सी.त किंवा एखाद्या दुकानात काम करतात. १९८३ च्या सुमारास, वसंतदादा पाटलांच्या सरकारच्या काळात, विनाअनुदानित महाविद्यालयांची दारे उघडली. बडनेरा, शेगाव येथली अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच काळातली. त्यांच्यामुळे शेतकऱ्यांची मुले इंजिनिअर झाली, हे मी नाकारत नाही. माझ्याच संघटनेतल्या हमालांची मुले झाली. पण तेथे पहिल्या दिवसापासून शिक्षणाला किंमतपट्टी लागलेली आहे. अशा ठिकाणी जोडविषय वरून ठेवला की तो ऐपतीप्रमाणे वाटला जाणार.

म्हणून २०२३ च्या आराखड्यातली पोटातल्या १४ श्रेयांकांची कल्पना मला त्याहून न्याय्य वाटते. मात्र तिच्यातही एक फट आहे. पदवी १६० ते १७६ मध्ये कोठेही बसवता येते. एखाद्या महाविद्यालयाने जुन्यातले काहीच न काढता हे चौदा घातले, तर माप सरळ वरच्या टोकाला जाते. नावाला जोडविषय पोटात, आणि पोट मात्र फुगलेले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ साली सहा महिने संप केला त्यामागे हेच कारण होते. तास वाढवले नव्हते, माणसामागे माग वाढवले होते. तेव्हा पालकांनी प्राध्यापकांना आधी हे विचारावे की, जोडविषयासाठी तुम्ही जुन्यातले काय कमी केले.

काय कमी करावे, याचे उत्तर प्राध्यापकांनी द्यायचे आहे. प्रत्येक विभागाला आपलाच विषय पवित्र वाटतो, त्यामुळे ते सोपे नाही. गिरणीतही एका खात्यातली माणसे दुसऱ्या खात्यात नेताना असाच गोंधळ होत असे.

आता जोडविषय कोणता, याकडे येतो. परिषदेने उगवत्या क्षेत्रांची यादी दिली. कृत्रिम बुद्धिमत्ता, वस्तूंचे इंटरनेट, ब्लॉकचेन, रोबॉटिक्स, विदाशास्त्र, सायबर सुरक्षा अशी ती आहे. ही क्षेत्रे खोटी नाहीत. ज्या मुलाच्या बापाची गिरणी बंद पडली त्याने संगणक शिकून पुण्याची वाट धरली, तर त्याला नावे ठेवणारा मी कोण? अकोल्याच्या सावतराम आणि मोहता गिरण्या, अचलपूरची विदर्भ मिल १९७४ साली सरकारने ताब्यात घेतल्या, आणि तेथल्या कामगारांच्या वस्त्यांचे पुढे काय झाले ते मी पाहिले आहे. पण यंत्र, विद्युत, स्थापत्य या तिघांचाही जोडविषय एकच झाला, तर त्याला जोड कसे म्हणावे? ते मुख्य विषयातून पळून जाण्याचे दार होते.

एक प्रसंग सांगतो. आमच्या भागातल्या एका जिनिंगमध्ये बायकांना खोकल्याचा त्रास होता. तक्रार घेऊन गेलो. मालकाने इंजिनिअर बोलावला. चांगला मुलगा होता, त्याने बेअरिंग पाहिले, पट्टा पाहिला, रोलरचे फेरे मोजले, आणि यंत्र ठीक आहे असा दाखला दिला. यंत्र ठीकच होते. धूळ मोजावी असे त्याच्या मनात आले नाही, कारण धूळ त्याच्या विषयात नव्हती. डबल रोलर जिनच्या रोलरवर क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या चकत्या असतात. त्या घासल्या जातात, त्यांची भुकटी हवेत नि रुईत जाते, आणि तिच्यातले क्रोमियम माणसाला घातक असते. ही गोष्ट शोधून काढली ती कापूस-तंत्रज्ञानाच्या संशोधकांनी. मुंबईच्या माटुंग्याला १९२४ साली कापसाची प्रयोगशाळा निघाली, तिच्या नागपूरच्या जिनिंग केंद्राने पुढे चामड्याऐवजी रबराचा, क्रोमविरहित रोलर तयार केला. त्या रोलरमागे यंत्रविद्या आहे, रसायन आहे आणि कामगाराच्या छातीची काळजीही आहे. आमच्या त्या इंजिनिअरला चौदा श्रेयांकांत एवढे मिळाले असते, तर त्या बायकांना वर्षभर थांबावे लागले नसते.

वऱ्हाडाला साजेसे जोडविषय आपल्याच अवतीभवती आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. विहीर खोदली तर पाणी खारट, पिकाला नाही, पिण्यालाही नाही. तेथे जाणाऱ्या स्थापत्याच्या मुलाला मातीचे नि पाण्याचे रसायन हवे. पारसच्या वीजकेंद्रावर कंत्राटी कामगार आहेत. विद्युतच्या मुलाला कामगार कायदा आणि औद्योगिक सुरक्षा हवी. नांदगावपेठला कापडउद्योगाच्या मोठ्या पार्कची घोषणा २०२३ साली झाली, २०२४ मध्ये कोनशिला बसली. तेथे उद्या यंत्रे लागतील तेव्हा कापसाचा धागा ओळखणारा यंत्र-अभियंता अमरावतीचाच असावा, असे वाटत असेल तर त्याची पेरणी आताच करावी लागेल.

आणि त्यासाठी नवी इमारत लागत नाही. श्रेयांकांची पेढी २०२१ पासून देशात सुरू आहे. एका संस्थेत मिळवलेला श्रेयांक दुसरीत जमा करता येतो. अमरावतीच्या यंत्रशाखेच्या मुलाने शेतमाल-प्रक्रियेचे तास अकोल्याच्या कृषी विद्यापीठात केले आणि अकोल्याच्या मुलीने विजेचे तास अमरावतीत केले, तर कागदोपत्री आज मार्ग आहे. दोन्ही संस्थांनी आठवड्यातला एकच वार मोकळा ठेवला पाहिजे. बडनेऱ्याहून अकोला रेल्वेने तास-दीड तासाचे अंतर आहे, आणि विद्यार्थ्याला पास मिळतो.